मृगातल्या तेजोमेघात ताऱ्यांच्या गर्दीत ग्रह बनणाऱ्या चकत्या टिकतात का, आणि त्या बघतात कशा?

तारांगण_सातारा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक शंका डोक्यात आहे, इथे जाणकार लोक आहेत म्हणून सविस्तर विचारतो. ग्रह कसे बनतात यावर काहीही वाचायला घेतलं की तोच एक फोटो समोर येतो, एचएल टॉरी या ताऱ्याचा, आल्मा या रेडिओ दुर्बिणीने २०१४ मध्ये काढलेला, केशरी रंगाची चकती (तरुण ताऱ्याभोवती फिरणारा वायू-धुळीचा चपटा थर, यातूनच ग्रह बनतात) आणि तिच्यात एकामागोमाग एक काळी कडी. फोटो अप्रतिम आहे, प्रश्नच नाही, पण तो तारा वृषभ राशीतल्या ज्या ढगात आहे तिथे म्हणे तारे अगदी विरळ आहेत आणि मोठा प्रखर तारा जवळपास एकही नाही. आपल्यापासून अंतरही फक्त ४५० प्रकाशवर्षं. म्हणजे शांत जागा आणि जवळची जागा, दोन्ही.

आता दुसरीकडे असंही वाचतो की बहुतेक तारे असे एकेकटे जन्मत नाहीत, शेकडो हजारो एकत्र जन्मतात, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात जसे. तिथे तर मधोमध ते ट्रॅपेझियम नावाच्या चौकडीचे प्रचंड तारे आहेत. मग माझे प्रश्न असे की (एक) तिथल्या छोट्या ताऱ्यांभोवती अशा चकत्या दिसल्यात का, (दोन) एवढ्या प्रखर अतिनील किरणांत त्या टिकतात कशा, आणि (तीन) जर टिकत नसतील तर आपण जे काही ग्रहनिर्मितीबद्दल शिकतो शिकवतो ते सगळं चार शांत जागांवरूनच ठरवलंय का? तिसरा प्रश्न मला जास्त छळतोय कारण मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो आणि मुलांना अर्धवट सांगायचं नाहीये.

अनघा_लायडन:
सर, तुमचा तिसरा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. मी चकत्यांवरच काम करते (निरीक्षणं कमी, मॉडेलिंग जास्त) त्यामुळे जमेल तेवढं लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, हो, दिसल्यात, आणि एचएल टॉरीच्या कितीतरी आधी. १९७९ मध्ये लाक आणि विदाल या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी ट्रॅपेझियमच्या अगदी जवळ सहा बारीक चमकणारे ठिपके नोंदवले होते, ते नक्की काय हे तेव्हा कळलं नव्हतं. मग १९८७ मध्ये अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीतून तेच आणि आणखी ठिपके पकडले गेले आणि चर्चवेल यांच्या टीमने असं सुचवलं की या लहान ताऱ्यांभोवतीच्या चकत्या असाव्यात आणि बाहेरून तापून त्यांचा वायू उडून जातोय. नंतर हबलने ते डोळ्यांनी दाखवून दिलं. रॉबर्ट ओडेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जे फोटो काढले त्यात प्रत्येक ठिपका थेंबासारखा दिसला, डोकं प्रखर ताऱ्याच्या दिशेने आणि शेपूट उलट्या दिशेला. त्यांनीच त्यांना प्रॉप्लिड हे नाव दिलं. आज त्या एका तेजोमेघात असे दीडशेहून जास्त माहीत आहेत.

आता तिथे चाललंय काय ते बघा. ट्रॅपेझियममधला सगळ्यात दांडगा तारा म्हणजे थीटा वन ओरायनिस सी. वजन सूर्याच्या ३० ते ४० पट, पृष्ठभागाचं तापमान ३९ हजार अंशांच्या आसपास (सूर्याचं ५८०० आहे), आणि त्याचा बहुतेक प्रकाश अतिनील. या अतिनील किरणांचे दोन गट पडतात आणि दोघांचं काम वेगवेगळं आहे. कमी ऊर्जेचे किरण चकतीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात आणि तिथला वायू काहीशे ते एखाद हजार अंशांपर्यंत तापवतात. एवढा तापलेला वायू चकतीच्या बाहेरच्या भागात असेल तर मधल्या छोट्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवू शकत नाही, तो वाऱ्यासारखा निघून जातो. आणि हा निघालेला वारा थोडा दूर गेला की त्याला जास्त ऊर्जेचे किरण गाठतात, ते हायड्रोजनचा इलेक्ट्रॉनच काढून टाकतात, तिथे एक चमकणारी कड तयार होते. हबलच्या फोटोत जे थेंबाचं तेजस्वी डोकं दिसतं ना ती ही कड आहे, चकती नाही. चकती आत, बरीच लहान, कधीकधी काळी रेघ म्हणून दिसते. पुष्कळ लेखांत त्या अख्ख्या थेंबालाच चकती म्हणतात, त्यामुळे मुलांना फोटो दाखवताना हे नक्की सांगा.

आतला भाग मात्र सहजासहजी उडत नाही कारण ताऱ्याजवळ गुरुत्वाकर्षण जोरदार असतं. त्यामुळे चकती बाहेरून आत अशी छाटली जाते. आपल्या सूर्यमालेच्या भाषेत सांगायचं तर नेपच्यूनच्या पलीकडचा माल आधी जातो, पृथ्वीच्या जागेचा माल सगळ्यात शेवटी.

किती वेगाने? जवळच्या प्रॉप्लिडमधून वर्षाला सूर्याच्या वजनाचा साधारण एक कोटीवा भाग, काहींत त्याच्याही दहापट. सूर्य म्हणजे ३,३३,००० पृथ्व्या, म्हणजे हिशोब केला तर दर ३० वर्षांत एका पृथ्वीएवढं वजन निघून जातं! गुरूएवढं वजन संपायला साडेनऊ-दहा हजार वर्षं. खगोलशास्त्रात हा काळ काहीच नाही.

वांगणीचा_निशाचर:
अनघाताई मस्त लिहिलंय. सर, मुलांना दाखवायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. मृगाच्या पोटातला बाण (ते तीन तारे ओळीत) सापडला की त्याच्या खाली दक्षिणेला एक अंधुक धुरकट ठिपका दिसतो, अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांनी, शहरातून साध्या बायनॉक्युलरमधून. तीन-चार इंची दुर्बीण असेल तर त्या धुरकटात मधोमध चार तारे वेगळे होतात, तेच ट्रॅपेझियम, आणि त्यातला सगळ्यात तेजस्वी तो ताईंनी सांगितलेला सी. प्रॉप्लिड दिसणार नाहीत हे आधीच सांगून टाका नाहीतर मुलं शोधत बसतात. पण ज्या प्रकाशाने त्या चकत्या उडतायत तो प्रकाश जिथून निघतो तो तारा आपण दुर्बिणीत स्वतः बघू शकतो, ही गोष्ट मुलांना सांगितली की ती एकदम गप्प होऊन परत आयपीसला डोळा लावतात, मी बघितलंय.

आणि बाणातला सगळ्यात पूर्वेकडचा तारा, त्याच्या जरा खाली एक मध्यम तेजाचा तारा आहे, सिग्मा ओरायनिस. तोही बघून ठेवा, तिथेही असंच प्रकरण आहे असं वाचलं होतं, जाणकारांनी सांगावं.

तारांगण_सातारा:
ताई, निशाचरजी, मनापासून आभार. ते डोकं म्हणजे चकती नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. आता पुढचं. एवढ्या चमकणाऱ्या धुरकटात आत लपलेली चकती मोजतात कशी? एचएल टॉरीसारखा कडी-कडी दिसणारा फोटो मृगातल्या चकत्यांचा का नाही? आणि आपलं पुण्याजवळच्या खोडदचं जीएमआरटी (ती मोठी रेडिओ दुर्बीण) यात काही करू शकतं का? आमच्या शाळेची सहल तिथे विज्ञान दिनाला जाते, मुलं विचारणारच.

रेडिओवाला_पुणे:
यावर मी लिहितो, रेडिओ माझा प्रांत.

पहिला अडथळा अंतर. चिलीतल्या चाहनांतोर पठारावर ५००० मीटर उंचीवर आल्माच्या ६६ अँटेना आहेत, त्या १६ किलोमीटरपर्यंत पसरवता येतात, आणि त्या सगळ्यांचे सिग्नल एकमेकांशी जुळवून एका अवाढव्य दुर्बिणीएवढा बारकावा मिळवतात. एचएल टॉरीच्या वेळी त्यांना साधारण पाच एयू एवढा बारकावा मिळाला (एक एयू म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), म्हणून ती कडी दिसली. मृगातला तेजोमेघ त्याच्या जवळजवळ तिप्पट लांब, १३०० प्रकाशवर्षं. तीच सेटिंग तिथे लावली तर १४-१५ एयू. त्यात तिथल्या चकत्या छाटल्या गेल्यामुळे मुळातच लहान. १०० एयू रुंदीची चकती तिथे आकाशात एका आर्कसेकंदाच्या (एका अंशाचा ३६०० वा भाग) चौथ्या हिश्शाएवढी दिसते. म्हणजे अख्ख्या चकतीवर जेमतेम सहा-सात ठिपके बसणार, त्यात कडी कुठून दिसायची, ती असली तरी पुसून जाणार.

दुसरा अडथळा मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि सामान्य लेखांत तो येतच नाही. चकतीचं वजन मोजायचं म्हणजे काय करतात, तर मिलिमीटर लहरींत धुळीची ऊब मोजतात, जेवढी धूळ तेवढा प्रकाश, मग धुळीवरून वायूचा अंदाज. शांत जागी हे सरळ जमतं. पण प्रॉप्लिडभोवती आयनीभूत वायूचं आवरण असतं आणि त्यातले मोकळे इलेक्ट्रॉनही रेडिओ लहरी सोडतात, त्याला फ्री-फ्री उत्सर्जन म्हणतात. दोन्ही प्रकाश एकाच ठिपक्यातून येतात, धूळ कुठली आणि वायू कुठला? हे वेगळं न करता सगळं धूळ म्हणून मोजलं तर चकतीचं वजन भलतंच जास्त येईल. मग युक्ती अशी की तोच ठिपका वेगवेगळ्या लहरलांबीत मोजायचा. धुळीचा प्रकाश लहरलांबी कमी होईल तसा झपाट्याने वाढतो, फ्री-फ्री जवळपास सपाट राहतो. सेंटिमीटर लहरींत व्हीएलएने मोजलं की तिथे धूळ नगण्य, जे दिसेल ते फ्री-फ्री, ते पुढे नेऊन आल्माच्या आकड्यातून वजा करायचं. यात आणखी एक डोकेदुखी म्हणजे काही तारे स्वतःच भडकतात आणि रेडिओत एका दिवसात कमी-जास्त होतात, त्यामुळे दोन दुर्बिणींचे आकडे वेगवेगळ्या दिवशीचे असले की वजाबाकी फसते.

तिसरं, मागे अख्खा ढग पसरलेला, तोही त्याच लहरींत चमकतो. इंटरफेरोमीटर (म्हणजे आल्मासारख्या जोडलेल्या अँटेना) फार पसरट गोष्टी आपोआप गाळतो म्हणून बरं, पण पूर्ण गाळत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा बघायला जावं तर ढगातही तोच वायू भरलेला. काही चकत्या तर मागच्या गरम ढगासमोर चमकण्याऐवजी काळ्या दिसतात, म्हणजे त्यांचा वायू ढगाचा प्रकाश शोषतो, आणि त्यावरूनच त्या ओळखायच्या. हबलच्या बाबतीत मात्र हीच चमक उपयोगी पडली. १९९६ मध्ये मॅककॉग्रिन आणि ओडेल यांनी तेजोमेघाच्या उजेडासमोर काळ्या सावल्या म्हणून दिसणाऱ्या चकत्या दाखवल्या, त्यातली सगळ्यात मोठी १००० एयूच्या घरातली आहे, अगदी स्वच्छ काळी लंबगोल. शांत अंधाऱ्या ढगात असा मागून येणारा उजेड मिळतच नाही.

या सगळ्यातून २०१४ मध्ये आल्माने जे मोजलं त्यात असं दिसलं की थीटा वन सी पासून साधारण ०.१ प्रकाशवर्षाच्या आत जड चकत्या जवळपास नाहीतच, त्याबाहेर मात्र हलक्या-जड सगळ्या प्रकारच्या आहेत. आणि निशाचरदादा, तुम्ही म्हणता तो सिग्मा ओरायनिस, बरोबर, २०१७ मध्ये तिथल्या चकत्या मोजल्या तर मधल्या ताऱ्याकडे जावं तशी धूळ कमी कमी होत गेलेली दिसली, आणि कार्बन मोनॉक्साइड सापडला तो फक्त सुमारे पाच प्रकाशवर्षांच्या पलीकडच्या चकत्यांत. तो तारा थीटा वन सी पेक्षा बराच मवाळ आहे तरी एवढा परिणाम, म्हणून मला हा निकाल मृगाच्या निकालापेक्षाही मोलाचा वाटतो. अतिभव्य तारा असायलाच हवा असं नाही.

जीएमआरटीचं सांगायचं तर, सर, मुलांना स्पष्ट सांगा की चकतीची धूळ बघणं हे त्याचं काम नाही. ४५ मीटरच्या ३० अँटेना, २५ किलोमीटर पसारा, पण लहरी सेंटिमीटर-मीटरच्या, जिथे धूळ काहीच बोलत नाही, आणि बारकावाही फार तर दोन आर्कसेकंद. पण तरुण ताऱ्यांतून जे फवारे सुटतात त्यात जीएमआरटीने कामगिरी केलेली आहे. २०१४ मध्ये डीजी टॉरी नावाच्या ताऱ्याच्या फवाऱ्यातून चुंबकीय क्षेत्रात भिरभिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचं उत्सर्जन त्यातून मिळालं, सूर्यासारख्या लहान ताऱ्याच्या बाबतीत ती मोठी बातमी होती. आणि अँटेना जोडून एक दुर्बीण बनवायची हे तत्त्व खोडदला आणि आल्माला एकच आहे, सहलीत नेमकं तेच समजावून घ्या, तिथली मंडळी फार प्रेमाने सांगतात.

विदर्भाचा_वाघ:
सगळं पटलं पण एक हिशोब जुळत नाही बघा. ताई म्हणाल्या गुरूएवढं वजन दहा हजार वर्षांत जातं. समजा चकती दहा गुरूंएवढी जड आहे, म्हणजे एक लाख वर्षांत खलास. पण त्या तेजोमेघातल्या ताऱ्यांचं वय दहा ते वीस लाख वर्षं सांगतात. मग आत्तापर्यंत एकही चकती शिल्लक राहायला नको होती, आणि तुम्ही तर दीडशे मोजताय. एक तर उडण्याचा वेग चुकीचा आहे नाहीतर वय. आणि दुसरं, एवढ्या गर्दीत तारे एकमेकांजवळून जाऊन चकत्या ओरबाडत असतील त्याचं काय?

अनघा_लायडन:
वाघसाहेब, तुम्ही जो हिशोब मांडलात त्यावर आमच्या क्षेत्रात वीस-पंचवीस वर्षं डोकेफोड चालली आहे, त्याला प्रॉप्लिडच्या आयुष्याचा पेच असंच म्हणतात. वेग चुकीचा आहे असं वाटत नाही, तो वेगवेगळ्या पद्धतीने मोजलाय. अलीकडे चिलीतल्याच व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरच्या म्यूज उपकरणाने त्या चमकत्या कडेचं ताऱ्यापासूनचं अंतर बारकाईने मोजून पुन्हा तेच आकडे आले.

सुटका बहुधा अशी आहे की प्रत्येक चकतीने पूर्ण दहा-वीस लाख वर्षं मार खाल्लेलाच नाही. सगळे तारे एकदम जन्मत नाहीत, काही नंतर जन्मले. सुरुवातीला सगळं दाट वायूत गुरफटलेलं असतं, अतिनील किरण फार लांब जातच नाहीत, आणि थीटा वन सी स्वतःही त्या गुच्छातल्या पुष्कळ ताऱ्यांपेक्षा तरुण असावा. शिवाय तारे जागेवर बसून नसतात, आत-बाहेर फिरतात, म्हणजे आज जी चकती अगदी जवळ दिसते ती कालपरवा (म्हणजे काही हजार वर्षांपूर्वी) बाहेरून आत आलेली असू शकते. या सगळ्याची बेरीज केली की पेच बराच सैल होतो. मला स्वतःला वायूच्या आवरणाचा मुद्दा सगळ्यात जड वाटतो कारण त्या पहिल्या काही लाख वर्षांत चकतीत काय होतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

ओरबाडण्याबद्दल, गुच्छाच्या गाभ्यात एका घन पार्सेकमध्ये (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं) दहा-वीस हजार तारे, म्हणजे दोन ताऱ्यांतलं सरासरी अंतर जवळपास दहा हजार एयू. आपल्याला शेजारचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे त्या मानाने ही भयंकर गर्दी, पण चकती १०० एयूची, तिला धक्का बसायला दुसरा तारा तीन-चारशे एयूच्या आत यायला हवा, ते क्वचित. होतं, पण किरणांनी होणारं नुकसान त्यापेक्षा फार मोठं.

आता सर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. चकती उडते म्हणजे ग्रह बनत नाहीत असा निष्कर्ष लोक पटकन काढतात आणि माझा त्याला विरोध आहे. उडतो तो वायू, आणि त्याच्याबरोबर फक्त बारीक धूळ. धुळीचे कण मिलिमीटर-सेंटिमीटरचे झाले की वारा त्यांना उचलू शकत नाही. आपण धान्य उफणतो तेव्हा भुसा उडतो आणि दाणे खाली राहतात तसंच आहे हे. म्हणजे वायू जाऊन खडे मागे राहिले तर खड्यांचं प्रमाण उलट वाढतं, आणि काही मॉडेलनुसार त्यामुळे ते एकत्र गोळा होऊन लहानसहान पिंड बनायला मदतच होते. थ्रूप आणि बॅली यांनी २००५ मध्येच हे मांडलं होतं. अडचण फक्त गुरू-शनीसारख्या वायूच्या ग्रहांची, त्यांना वायू भरपूर लागतो आणि तो उडायच्या आत गिळावा लागतो. आणि एचएल टॉरीचं वय दहा लाख वर्षांच्या आत आहे तरी तिथे कडी आहेत, म्हणजे ग्रहांची तयारी आपण समजत होतो त्यापेक्षा फार लवकर सुरू होते. लवकर सुरू होत असेल तर गर्दीतही वेळ मिळतो.

आणि आता जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने दोन वेगवेगळ्या गोष्टी दाखवल्यात, त्या शेजारी ठेवून बघा. एक, मृगातच ओरायन बार नावाचा जो उजळ पट्टा आहे तिथली डी२०३-५०६ ही चकती, सूर्यापेक्षा बऱ्याच हलक्या ताऱ्याभोवतीची. २०२३ मध्ये ऑलिव्हिए बेर्ने यांच्या टीमला तिच्यात मिथाइल कॅटायन (कार्बन-हायड्रोजनचा एक धन भारित रेणू) सापडला, कार्बनच्या मोठ्या रेणूंची साखळी या आयनापासून सुरू होते असं १९७० च्या दशकापासून म्हणत होते पण अवकाशात तो सापडला नव्हता. तो बनायला लागणारी ऊर्जा तिथे अतिनील किरणांमधूनच येते! मग २०२४ मध्ये त्याच चकतीचा उडण्याचा वेग मोजला तर तो इतका आहे की तिथे गुरूसारखा ग्रह बनणं अवघड दिसतं. एकाच चकतीत तेच किरण वायू हिसकावतायत आणि रसायनही घडवतायत.

दुसरी एक्सयूई-१, वृश्चिकेच्या नांगीजवळ, आपण ज्याला मूळ नक्षत्र म्हणतो त्या भागात, एनजीसी ६३५७ या तेजोमेघात, ५५०० प्रकाशवर्षं दूर. तिथले मोठे तारे मृगातल्यापेक्षाही जास्त आणि जास्त दांडगे. मारिया क्लाउडिया रामिरेझ-टॅनस यांच्या टीमने २०२३ मध्ये दाखवलं की त्या चकतीच्या आतल्या भागात पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सायनाइड, असेटिलीन सगळं आहे, जवळपास शांत ठिकाणच्या चकत्यांसारखंच. पृथ्वीसारखे ग्रह ज्या भागात बनतात तो हाच भाग. बाहेरचा भाग बहुतेक छाटला गेलाय. एवढ्या लांबवर ती चकती फोटोत ठिपकाच दिसते, पण वर्णपट घेतला की आत काय आहे ते कळतं, म्हणून रेडिओवाले म्हणाले ती अंतराची अडचण वेबने वेगळ्या वाटेने ओलांडली. एका चकतीवरून नियम बांधता येत नाही हे मी मान्य करते, पण कल बघा, आत सुरक्षित, बाहेर नुकसान.

तर मुलांना मी असं सांगेन की कडी असलेले सुंदर फोटो खरे आहेत पण ते शांत वस्तीतले आहेत, आणि आकाशगंगेतल्या बहुतेक ग्रहांची जन्मजागा तशी नसावी.

उल्का_अहमदाबाद:
यात एक भर घालते कारण आपण स्वतः कुठल्या गटात मोडतो हे कुणी लिहिलं नाही. आपला सूर्यसुद्धा बहुधा गर्दीतच जन्मला आहे आणि त्याचा पुरावा उल्कापाषाणात आहे. मेक्सिकोत ८ फेब्रुवारी १९६९ ला अयेंदे नावाचा मोठा उल्कापाषाण पडला, त्यात पांढरट ठिपके असतात, सूर्यमालेतले सगळ्यात जुने घन पदार्थ. १९७६ मध्ये त्यांत मॅग्नेशियम-२६ जास्तीचं सापडलं, ते येतं अ‍ॅल्युमिनियम-२६ चा ऱ्हास होऊन, आणि अ‍ॅल्युमिनियम-२६ चं अर्धायुष्य फक्त सात लाख वर्षं. म्हणजे सूर्याच्या चकतीत ते ताजंताजं आलेलं असणार, जुनं असतं तर संपून गेलं असतं. ते बनतं मोठ्या ताऱ्यांत, त्यांच्या वाऱ्यातून किंवा स्फोटातून बाहेर पडतं. सूर्याच्या पाळण्याजवळ असे मोठे तारे होते असं मानायला यामुळे चांगला आधार मिळतो. भारतात अशा अल्पायुषी किरणोत्सारी मूलद्रव्यांवर अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत फार मोलाचं काम झालंय, जितेंद्रनाथ गोस्वामी यांचं नाव त्यात अग्रभागी येतं.

आणखी एक सूचक गोष्ट. नेपच्यूनच्या पलीकडचा बर्फाळ खड्यांचा पट्टा ५० एयूच्या आसपास अचानक विरळ होतो. आणि २००३ मध्ये सापडलेली सेडना सूर्याच्या सगळ्यात जवळ येते तेव्हाही ७६ एयूवर असते, आजच्या कुठल्याही ग्रहाने तिला तिकडे ढकललेलं असणं अवघड. दोन्हींची कारणं एकाहून जास्त असू शकतात, वाद आहेत, पण जन्माच्या वेळी शेजारी तारे होते हे धरलं की दोन्ही सोपी होतात. वाघसाहेब, तुमचा ओरबाडण्याचा मुद्दा इथे कामाला येतो, क्वचित होतं म्हणजे कधीच होत नाही असं नाही.

पण बघा, आपल्याकडे गुरू आहे, शनी आहे. म्हणजे मोठ्या ताऱ्यांच्या शेजारी राहूनही वायू पुरेसा टिकला. म्हणून मला अनघाचं म्हणणं पटतं.

विदर्भाचा_वाघ:
आवरणात गुरफटलेल्या काळाचा मुद्दा पटला. मग खरी गरज त्या आवरणातल्या, अजून उघड्या न पडलेल्या चकत्या बघायची आहे, गर्दीच्याच जागी. त्या दिसतात का?

रेडिओवाला_पुणे:
दिसतात, दृश्य प्रकाशात नाही पण मिलिमीटर लहरींना ती धूळ अडवत नाही. मृगातच त्या तेजोमेघाच्या मागे दाट ढग आहे, ओएमसी-१, तिथे आल्माने उघड्या न पडलेल्या ताऱ्यांभोवतीच्या चकत्या मोजल्या आहेत. तिथे ढगाची स्वतःची चमक वजा करणं हेच मोठं काम. पुढे दक्षिण आफ्रिकेत एसकेए या आंतरराष्ट्रीय महाकाय रेडिओ दुर्बिणीचा जो भाग उभा राहतोय तो सेंटिमीटर लहरींत बघेल, तिथे मोठे खडे चमकतात आणि दाट धूळही पारदर्शक होते, ताई म्हणतात ते मागे उरलेले दाणे थेट मोजायचे तर त्याच लहरी हव्यात. भारत त्यात भागीदार आहे आणि आपल्या बाजूचं काम पुण्याच्या एनसीआरएकडे (जीएमआरटी चालवणारी संस्था) आहे. सर, तुमच्या नववीतल्या कुणाला यात यायचं असेल तर भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही पक्कं करायला सांगा, डेटा एवढा येणार आहे की माणसं लागतीलच.

तारांगण_सातारा:
सगळ्यांचे आभार, तिन्ही प्रश्न मार्गी लागले. धड्यात बदल असा करतो की एचएल टॉरीच्या फोटोशेजारी हबलचा प्रॉप्लिडचा फोटो लावतो आणि अनघाताईंनी सांगितलेलं, चमकणारी कड कुठली आणि चकती कुठली, ते बाण काढून दाखवतो. ३० वर्षांत एक पृथ्वी हा हिशोब मुलांकडूनच करून घेईन, दहावीच्या गणितात बसतो. जानेवारीत अमावस्येच्या आसपास शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावणार आहे, निशाचरजी, सहा इंची परावर्तक आहे आमच्याकडे, ट्रॅपेझियमसाठी आयपीस किती एमएमची लावू?

वांगणीचा_निशाचर:
आधी २५ एमएमची लावा म्हणजे धुरकट सगळं एकत्र दिसेल, मग १० एमएम, चौघे स्पष्ट सुटे होतील. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा, आरसा थंड होऊ द्या, नाहीतर तारे थरथरतात. मृग माथ्याजवळ आल्यावरच दाखवा, जानेवारीत रात्री दहाच्या सुमाराला.